मिळालं म्हणणारे नाना

बाहेरगावचा गवई सांगलीत पहिल्यांदाच गायला बसणार असेल, तर एक गोष्ट मी त्याच्या कानावर आधीच घालून ठेवतो. तुमची तान समेवर येऊन बसली की पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज येईल, "मिळालं." दचकू नका. कुणाचं काही हरवलेलं नसतं. ती दाद असते.

हे मी अनुभवानं शिकलो. एकदा एक तरुण गायक भर ख्यालात थांबले आणि त्यांनी अदबीनं विचारलं, "काय मिळालं?" पहिल्या रांगेतून तितक्याच अदबीनं उत्तर गेलं, "आत्ता तुमी पाठवलं त्ये."

हे सुभेदार नाना पवार. मूळचे विट्याजवळच्या एका खेड्यातले. फौजेतली सगळी नोकरी वायरलेस सेटवर झाली आणि निवृत्त झाल्यावर ते विश्रामबागेतल्या एका कॉलनीत येऊन राहिले. "आमच्या गावची निम्मी मानसं सोनं गाळायला परमुलखात गेली," ते सांगतात, "म्या बर्फात बसून खरखर गाळली."

वायरलेसवर समोरचा माणूस दिसत नाही. तो बोलतो आणि थांबतो. त्याला इकडून 'मिळालं' असं कळलं तरच तो पुढचं बोलतो. नाही कळलं तर तेच तेच पुन्हा बोलत राहतो. नानांनी ही सवय फौजेत उचलली आणि पेन्शनबरोबर घरी आणली. चहाचा कप हातात दिला की 'मिळालं'. कंडक्टरनं तिकीट दिलं की 'मिळालं'. लग्नाची पत्रिका दिली की उघडायच्या आधी 'मिळालं'. नातेवाइकांनी हातात फोन दिला, तेव्हा मात्र कॉलनीची पंचाईत झाली. सकाळी सकाळी फुलांची चित्रं आणि सुविचार पाठवणारे लोक असतात ना, त्यातल्या प्रत्येकाला नाना लगेच फोन लावायचे.

"नाना बोलतोय. तुमचं गुलाबाचं फूल मिळालं. पानावर दव बी हाय. ठेवू?"

महिनाभरात त्यांना फुलं यायची बंद झाली. नानांना त्याचं वाईट वाटलं. मला म्हणाले, "मास्तर, लोकं पाठवायला लागत्यात आन मिळालं म्हनलं की पळत्यात. ही कसली तऱ्हा?"

मी मास्तर नाही, कॉलेजात ग्रंथपाल आहे. पण पुस्तकाला हात लावणारा प्रत्येक माणूस नानांच्या लेखी मास्तरच.

मी कवठे महांकाळ तालुक्यातला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच. सांगलीला शिकायला आलो तेव्हा शास्त्रीय संगीत म्हणजे रेडिओ बंद करायची वेळ, एवढंच मला ठाऊक होतं. संगीत मंडळाच्या बैठकीला पहिल्यांदा गेलो तोसुद्धा माझ्या खोलीवर पंखा नव्हता आणि मंडळाच्या हॉलमध्ये होता म्हणून. नेमका नानांच्या शेजारी बसलो. गाणं सुरू झालं आणि मी घड्याळाकडे बघायला लागलो. नानांनी ते पाहिलं.

"कायच कळंना व्हय रं?"

"नाही."

"मला बी न्हाई कळत. त्यात कळायचं काय? त्यो घरातनं निघालाय, लांब लांब चाललाय. आता परत घरी येतोय का वाट चुकतोय, एवडंच बगायचं. आला की सांगायचं, आलास बाबा."

माझं संगीताचं शिक्षण एवढंच. पुढे मी मंडळाचा चिटणीस झालो, कारण माझं अक्षर बरं आहे आणि दुसरं कुणी तयार नव्हतं. पण आजही कुणी समेवर आलं की मला पोटात जो आनंद होतो तो नानांनी दिलेला आहे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

नानांच्या दादेला पायऱ्या होत्या. साधं 'मिळालं' म्हणजे ठीक. 'लख्ख मिळालं' म्हणजे उत्तम. ते नुसतेच डोळे मिटून "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे" असं पुटपुटायला लागले, तर त्या दिवशी गाणं आकाशाला भिडलं असं आम्ही धरून चालायचो. याच्या उलट्या टोकाचा प्रसंग एकदाच आला. पाहुण्या गायिकेचा घसा बसला होता, तरी त्या नेटानं गात होत्या. नानांनी बराच वेळ कळ काढली आणि मग फार काळजीच्या सुरात म्हणाले, "बाई, खरखर येतीया. पुन्ना पाठवा."

त्या दिवसापासून मंडळाचे अध्यक्ष जोशी डॉक्टर नानांना बिचकून होते.

आणि अशात वैदेहीचा कार्यक्रम ठरला.

वैदेही मिरजेची. सतार मिरजेत शिकली, पुढे युरोपात गेली आणि तिकडेच राहिली. आता ती दोन साथीदारांना घेऊन येणार होती. एक जर्मनीची हाना, चेलो वाजवणारी. चेलो म्हणजे माणसाएवढं, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन. दुसरा पश्चिम आफ्रिकेतला मामादू. त्याचं वाद्य कोरा. मोठा अर्धा भोपळा, त्यावर ताणून बसवलेलं कातडं आणि वर उंच दांडीला बांधलेल्या ताराच तारा. तबल्याला मिरजेचाच एक तरुण. आपला राग, त्यांचा चेलो आणि आफ्रिकेच्या तारा, असा मेळ आमच्या मंडळाच्या व्यासपीठावर कधी झाला नव्हता. रविवारी सकाळी नऊला नाट्यगृह घेतलं.

जोशी डॉक्टरांनी फोनवर परदेशातल्या मैफली पाहिल्या आणि त्यांची झोप उडाली. बैठकीत म्हणाले, "तिकडे माणूस खोकतसुद्धा नाही हो. तुकडा संपला की टाळ्या, तोवर चिडीचूप. आपली माणसं मध्येच वा वा करणार, मांडीवर ताल धरणार, हात उडवणार. पाहुणे काय म्हणतील?"

डॉक्टर दातांचे आहेत. दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणणाऱ्या या गृहस्थानं त्या दिवशी सगळ्या सांगलीचं तोंड मिटायचं ठरवलं. ठराव मंजूर झाला. मी माझ्या बऱ्या अक्षरात मोठा फलक लिहिला. 'कार्यक्रम सुरू असताना कृपया दाद देऊ नये.' फलक सुकत ठेवला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. नानांना कोण सांगणार?

नाना फाटकाशी उभे राहून कढीपत्त्याला पाणी घालत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी नळ बंद केला आणि हुकूम ऐकावा तसे सरळ उभे राहिले.

"अजाबात न्हाई?"

"अजिबात नाही, नाना."

"बारीक आवाजात?"

"नाही."

"मान हलीवली तर?"

"मान चालेल."

"हात?"

"हात मांडीवर."

त्यांनी ओले हात पुसले. मग म्हणाले, "मग त्यास्नी कसं कळनार, हिकडं पोचतंय का न्हाई त्ये?"

"शेवटी टाळ्या असतात ना."

"टाळ्या म्हंजी पगार झाला, मास्तर. त्यो महिना भरल्यावर मिळतोच. मानूस काम करत असतंय तवा त्येला कोन तरी 'व्हय' म्हनाय नको?"

मी म्हणालो, "नाना, मंडळाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"हुकूम हाय न्हवं? मग झालं," नाना म्हणाले आणि वळून आत गेले. या वेळी 'मिळालं' म्हणाले नाहीत. मी फाटकाशी उभाच राहिलो.

रविवारी नाट्यगृह गच्च भरलं. माझी नेमणूक नानांच्या शेजारी होती आणि डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "काहीही होवो, तो आवाज यायला नको." नाना कोट घालून आले होते. बसल्या बसल्या त्यांनी खिशातून खडीसाखरेची पुडी काढली आणि एक मोठा खडा तोंडात ठेवला. "बंदोबस्त," ते कुजबुजले.

वैदेहीनं तोडी राग घेतला. सतारीच्या सावकाश आलापाखाली चेलोनं खोल सूर धरला. वरून कोऱ्याच्या तारा बारीक पाऊस पडावा तशा झरत होत्या. इतकं सुंदर काही त्या नाट्यगृहात मी तरी ऐकलं नव्हतं. एकच ओळ तीनदा घेऊन समेवर यायची पहिली तिहाई आली, तबला आणि सतार एकाच क्षणी समेवर उतरले आणि सगळ्या सभागृहानं आपापला 'वा' गिळला. गिळल्याचा आवाज आला असं मी म्हणणार नाही, पण आमच्याच रांगेतले एक निवृत्त मुख्याध्यापक हात वर नेता नेता थांबले आणि त्यांनी तो हात केसांवरून फिरवून खाली आणला. एका बाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. नानांच्या तोंडात खडीसाखर कडकन फुटली.

मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"मास्तर," ते ओठ न हलवता म्हणाले, "पोरगी घरी आली रं."

"हो नाना. शांत बसा."

दुसरी तिहाई आली, तिसरी आली. दर वेळी तीच भिंतीसारखी शांतता. मग मला जाणवलं की वैदेही दर समेनंतर मान वर करून अंधारात बघते आहे. तिनं लय वाढवली. मग तीच जागा पुन्हा घेतली आणि तिसऱ्यांदाही घेतली. तबलजी गोंधळून तिच्याकडे बघायला लागला. मामादू तर वाजवता वाजवता व्यासपीठाच्या कडेला लावलेल्या माझ्या फलकाच्या दिशेनं बघत होता. त्याला मराठी येत नव्हतं म्हणून मी देवाचे आभार मानले. तुकडा संपल्यावर टाळ्या झाल्या, भरपूर झाल्या. पण तोवर व्यासपीठावरचे चारही चेहरे उतरले होते.

मध्यंतरात मी चहा आणि भडंग घेऊन आत गेलो. वैदेही भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला म्हणाली, "दादा, इतकं वाईट झालं का?"

"वाईट? अहो, लोक भारावलेत."

"मग कुणी हूं का चूं करत का नाहीये? ही दोघं माझ्याबरोबर आली ती केवळ माझ्या सांगण्यावर. मी यांना सांगितलं, आमच्याकडे माणसं नुसती ऐकत नाहीत, तुमच्याबरोबर चालतात. तुम्ही पुढे गेलात की ती हाक मारतात. ते ऐकायला चला. आणि माझ्याच गावात..." ती पुन्हा भिंतीकडे वळली आणि तिला रडू आलं.

जोशी डॉक्टर पुढे झाले. "वैदेही, ते आम्हीच बंद केलं. तुमच्या पाहुण्यांना चालणार नाही असं वाटलं."

वैदेहीनं ते हानाला सांगितलं. हाना हसायला लागली आणि काहीतरी बोलली. वैदेहीनं मराठीत सांगितलं, "ती म्हणते, शांतता मला घरी रोज मिळते. तिच्यासाठी इतक्या लांब कोण येईल?"

मामादू मात्र हसला नाही. तो बराच वेळ बोलला आणि वैदेही थांबून थांबून आम्हाला सांगत गेली. त्याच्या घराण्यात बापजाद्यांपासून गायचं आणि कोरा वाजवायचं काम. त्यांच्याकडे असा माणूस गायला बसला की शेजारी एक जण बसतो. त्याचं काम फक्त उत्तर द्यायचं. ओळ संपली की तो म्हणतो, 'नामू'. म्हणजे हो, ऐकलं, खरं आहे. ते आलं की गाणारा पुढची ओळ घेतो. आज पहिल्या तुकड्याला कुणी काहीच बोलेना तेव्हा मामादूला वाटलं, आपल्या हातून या गावाचा काही अपमान झालाय.

डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आपले नाना कुठे आहेत?"

मध्यंतरानंतर डॉक्टरांनी स्वतः माईकवर सांगितलं की दाद द्यायला मंडळाची हरकत नाही. मी फलक काढून उलटा ठेवला. पण आमचं गाव असं आहे की एकदा गप्प बसायचं ठरलं की आधी कुणी बोलायचं यावरच सगळं अडतं. माणसं खुर्चीत सावरून बसली आणि एकमेकांकडे बघायला लागली. मी नानांना म्हणालो, "नाना, हुकूम मागे घेतलाय. आता बोला."

नानांनी मान हलवली. "न्हाई जमायचं गड्या. गळा धरलाय."

"अहो नाना, ती पोरगी आत रडत होती."

त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मामादूनं एकट्यानंच सुरुवात केली. एक लहानशी ओळ वाजवली आणि थांबला. सभागृहात कुणी हललं नाही. त्यानं पुन्हा तीच ओळ वाजवली आणि थांबला. वैदेही खाली मान घालून बसली होती. तिसऱ्यांदा त्यानं ती आणखी हळू वाजवली, एखाद्याच्या दारावर टकटक करावं तशी.

नाना खुर्चीच्या कडेवर सरकले. घसा खाकरला. आणि जो आवाज सात रांगा मागे ऐकू जायचा, तो त्या दिवशी अगदी हळू आला.

"मिळालं."

मामादूनं मान वर केली, पांढरेशुभ्र दात दाखवून हसला आणि पुढची ओळ घेतली. "मिळालं," नाना म्हणाले, जरा मोठ्यानं. त्यापुढच्या ओळीला, "लख्ख मिळालं गड्या, येऊ दे." वैदेहीनं डोळे पुसले आणि सतार उचलली. चेलो खालून आला, तबला शिरला आणि चौघं मिळून समेवर पडले, तेव्हा सबंध सभागृह एकदम बोललं. वा म्हणणारे वा म्हणाले, मुख्याध्यापकांचा हात या वेळी पूर्ण वर गेला, मागून कुणीतरी "आगं आई गं" म्हणालं. जोशी डॉक्टरांनीही उत्साहानं एक मोठा 'क्या बात है' दिला. नाना मागे वळून म्हणाले, "डाक्टर, जरा आदी झालं. ती अजून चौकात हाय."

तास कसा गेला कळलं नाही. शेवटी शेवटी नाना डोळे मिटून "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे" असं पुटपुटत होते आणि हाना चेलोवर डोकं टेकून हसत होती.

कार्यक्रम संपल्यावर मामादू सरळ खाली उतरला आणि नानांचा हात दोन्ही हातांत धरून काहीतरी बोलत राहिला. नाना मान डोलवत राहिले. वैदेही सांगायला पुढे झाली तर नानांनी तिला थांबवलं. "ऱ्हाऊ दे पोरी. कळतंय."

मागच्या दालनात जेवणाची व्यवस्था होती. नाना थांबायला तयार होईनात. "घरी आक्का हाय, थोरली बहीण. तिला भरवायचं असतंय. शेजारच्या बाईला बसवून आलोय." बाहेर ऊन कडक होतं. मी म्हणालो, चला, मी सोडतो.

इतक्या वर्षांत मी नानांच्या घरात कधी गेलो नव्हतो. फाटकाशी बोलणं व्हायचं आणि मी निघायचो. त्या दिवशी ते म्हणाले, "पानी पिऊन जा." आम्हाला पाहून शेजारच्या बाई उठल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "आक्कांना झटका येऊन गेलाय. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सकाळपासून नुसत्या दाराकडे बघतायत." त्या निघून गेल्या.

खिडकीजवळच्या कॉटवर उशांना टेकून एक बारीक म्हातारी बसली होती. नानांना पाहताच ती बोलायला लागली. बोलायला लागली म्हणजे आवाज यायला लागला. त्यात शब्द नव्हता. चढ होता, उतार होता, मध्येच राग होता, मध्येच काहीतरी गमतीचं होतं. नाना कोट न काढता तिच्यापुढे स्टुलावर बसले.

"आसं? कवा?" ते म्हणाले.

आक्का बोलत राहिल्या.

"बरं, मग? तू काय म्हनलीस?" आणि जरा वेळानं, "आगं बया. खिडकीतनं?"

आक्का डाव्या हातानं काहीतरी दाखवत होत्या आणि नाना अशा लक्षानं ऐकत होते, की मी उभ्या उभ्या अवघडलो. बोलणं कुठंतरी येऊन थांबलं. आक्का दमून हसल्या. नाना अगदी हळू म्हणाले, "मिळालं."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दिसभर साटवून ठेवती. कुनी आयकलं न्हाई की तेच तेच पुन्ना सांगत बसती बिचारी. बस जरा, भात गरम करतो," आणि आत गेले.

मी स्टुलावर बसलो. आक्कांनी मला निरखून पाहिलं, डोईवरचा पदर डाव्या हातानं सारखा केला आणि मला सांगायला लागल्या. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. आतून भांड्याचा आवाज येत होता. एका जागी त्या थांबल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"मग?" मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला आणि त्या पुढचं सांगायला लागल्या.